पाच मिनिटांनी दमणारं मशीन

समता कॉलनी, रायपूर
सोमवार, दुसऱ्या चहानंतर

ती. शेखरराव यांच्या सेवेशी रायपूरहून धाकटा साडू विनायक याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या उभ्यानेच घातला आहे, तरी साष्टांगच मानून घ्यावा). सौ. चित्राताईंनाही नमस्कार. तुमचं बीपी, ताईंची पाठ आणि नागपूरची हवा ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम. कुसुमचा खोकला गेला, गंधालीला ऑफिसातून दिवाळीची सुट्टी मिळाली, आणि माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. पण त्याचं मला दुःख नसून अभिमान आहे. का ते पुढे येईलच. फोन न करता पत्र का लिहितो आहे, ते मात्र आत्ताच सांगून टाकतो. फोनवर मी "हॅलो" म्हणालो की तुम्ही थेट "असं करा" इथून सुरू करता. पत्रात मध्येच बोलता येत नाही. तेव्हा चष्मा लावा, ताईंना चहा टाकायला सांगा आणि मुकाट्याने वाचा (हे आदरपूर्वक म्हणतो आहे).

तुम्हाला बरंचसं ठाऊक आहे, पण जिंकलेल्या माणसाला पहिल्यापासून सांगायचा हक्क असतो. चौतीस वर्षं मी कोषागारात कागद तपासले. हातात हत्यार धरलं ते स्टेपलर. सासुरवाडीला मिक्सर जळला, पंखा कुरकुरला की सासूबाईंचा हुकूम ठरलेला: शेखरराव उघडतील, विनायकराव बॅटरी धरतील. इतकी वर्षं मी तुमच्यासाठी बॅटरी धरली, आणि तीसुद्धा नीट धरत नाही म्हणून तुमचं ऐकून घेतलं. अशा माणसाला निवृत्तीनंतर आमच्या स्नेहवर्धिनी मंडळाने यंत्रप्रमुख नेमलं. मंडळाकडे यंत्र एकच, मैदानातलं गवत कापायचं पेट्रोलचं मशीन. दोरी ओढून सुरू करायचं आणि ढकलत न्यायचं. यंत्र एक असलं तरी प्रमुख तो प्रमुख. रोज सकाळी साडेसातला मी डबा घेऊन निघायचो. डब्यात पोळी-भाजी नसून चिंध्या आणि नट आवळायचे पाने असायचे, पण निघायचो हे महत्त्वाचं.

आता संकट ऐका. यंदा पावसाने उशिरापर्यंत हात आखडला नाही आणि मैदानावर गवत गुडघ्याच्या वर गेलं. त्यात दोन चेंडू, एक छत्री आणि चपलेचा एक पाय गेला तो गेलाच. दिवाळीआधीच्या रविवारी तिथे फराळ मेळावा, पोरांच्या लिंबू-चमच्याच्या शर्यती, सगळं व्हायचं होतं. आणि मशीन बंद. तेव्हा आमचे चिटणीस शिशिर (वय पस्तीस, प्रत्येक वाक्य मोबाइलमध्ये बघून बोलतात) यांनी सभेत ठराव आणला, की शुक्रवारपर्यंत मैदान साफ झालं नाही तर मशीन कबाडीला द्यावं, गवताचं काम ठेकेदाराला द्यावं आणि यंत्रप्रमुख हे पद आभारासह रद्द करावं. वर मला म्हणाले, "काका, टेन्शन कायले घेता? आराम करा ना आता." शेखरराव, हसू नका. आराम हा शब्द मला शिवीसारखा लागला. निवृत्त माणसाला सकाळी उठून कुठेतरी जायचं असतं. माझ्याकडे जायला ते एकच ठिकाण होतं, आणि ते जाणार या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. कुसुमला वाटलं भाजीत मीठ जास्त झालं.

मशीनचा आजार असा होता. खंडेनवमीला आपण त्याची यथासांग पूजा केली. तुम्ही आणि ताई मुद्दाम नागपूरहून आला होतात, पाहुणे म्हणून पूजेचा मान तुमचा. मशीन धुऊन पुसून पाटावर बसवलं, झेंडूचा हार घातला, गंध लावलं, अक्षता वाहिल्या. तुम्ही दसऱ्याचं सोनं देऊन गेलात आणि त्यानंतर मशीन चालेना. म्हणजे अगदीच चालेना असं नाही. दोरी ओढली की सुरू व्हायचं, पाच मिनिटं छान चालायचं, मग एक आचका, दुसरा आचका, आणि बंद. वाटायचं पेट्रोल संपलं. टाकीचं झाकण उघडून बघावं तर टाकी भरलेली. झाकण लावून पुन्हा दोरी ओढावी, तर पुन्हा सुरू. पुन्हा पाच मिनिटं. मंडळाची बाग आणि हॉल सांभाळणारे आमचे लोकेशभाऊ (माझ्याच वयाचे, छत्तीसगढीशिवाय बोलत नाहीत आणि बोलले तर एकच वाक्य) पहिल्याच दिवशी म्हणाले, "थक जाथे साहेब." मलाही ते पटलं. मी स्वतः दोन जिने चढल्यावर असाच वागतो. मग आम्ही पाच मिनिटं काम, दहा मिनिटं विश्रांती असा हिशेब ठेवला, आणि दर वेळी दोरी मीच ओढली (वर न जाणारा उजवा हात तो हाच). त्या वेगाने मैदान साफ व्हायला होळी उजाडली असती, कारण मागचं गवत पुढचं कापेपर्यंत पुन्हा वाढत होतं.

तेव्हा मी तुम्हाला फोन केला. "मशीन चालत नाही" एवढं माझं वाक्य संपायच्या आत तुम्ही "प्लग" म्हणालात. मी प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, फुंकला, बसवला. प्लग चांदीच्या निरांजनासारखा चमकू लागला आणि मशीन पाच मिनिटांनी बंद पडलं. दुसऱ्या फोनला तुम्ही म्हणालात, ऑइल बदला, मशीन आडवं करा आणि जुनं ऑइल ओतून घ्या. कोणत्या बाजूला आडवं करायचं ते सांगायला तुम्ही विसरलात. (मशीनला दोन बाजू असतात, शेखरराव. नागपुरात बसून उंटावरून शेळ्या हाकताना हे दिसत नाही.) एअर फिल्टर, म्हणजे मशीन ज्या फोममधून श्वास घेतं तो, वरच्या अंगाला राहील असं आडवं करायचं असतं. मी तो खाली येईल असं केलं. सगळं जुनं ऑइल फिल्टरमध्ये, आणि तिथून जिथे जाऊ नये तिथे. मग नवीन ऑइल घालून दोरी ओढली, तर त्यातून असा पांढरा धूर निघाला की लोकेशभाऊ दिसेनासे झाले. समता कॉलनीत आधी खिडक्या बंद झाल्या, मग पाण्याच्या घागरींवर झाकणं पडली. डासांच्या धुराची गाडी आली असं सगळ्यांना वाटलं. समोरचे एक आजोबा गॅलरीतून हात जोडून म्हणाले, चला, महापालिकेला एकदाची आमची आठवण झाली. त्यांचा आनंद बघून खरं सांगायची माझी छाती झाली नाही. कुसुमने दोरीवरचे धुतलेले कपडे पुन्हा धुतले. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही, कारण पत्र ताईही वाचणार.

ऑइलने चिंब झालेला फोम कामातून गेला. बाजारात फोन करून विचारलं तर तसल्या फिल्टरला आठ दिवस लागतील म्हणाले. आठ दिवस कुठून आणायचे? शेवटी कुसुमला दिवाळीच्या खरेदीला पंडरीला जायचंच होतं, तर मी म्हटलं, फोम तो फोम, कापडबाजारात मिळेल. काळाकुट्ट जुना तुकडा रुमालात गुंडाळून मी ब्लाउजपीसच्या दुकानात उभा राहिलो. शेठजींनी विचारलं, "भैया, ब्लाउज में लगाना है कि कुर्सी में?" मी खरं ते सांगितलं, मशीनच्या नाकात लावायचं आहे. दुकानातल्या चार बायकांनी माझ्याकडे आणि मग कुसुमकडे बघितलं. कुसुमने माझ्यापासून दोन हात लांब सरकून काउंटरवरच्या साडीचा पदर बघायला सुरुवात केली, जणू आम्ही वेगवेगळ्या रिक्षांतून आलो होतो. मला हवा होता चार बोटांचा तुकडा, शेठजी अर्ध्या मीटरखाली द्यायला तयार नाहीत. राहिलेल्या फोममध्ये आता आमच्या घरातला प्रत्येक पाट गुबगुबीत झाला आहे. मशीनलाही नवीन नाक झकास बसलं. आणि पाच मिनिटांनी ते बंद पडलं.

तिसऱ्या फोनला तुम्ही कार्बोरेटरवर आलात. तो मात्र माझ्या हाताबाहेरचा. बीरगावला एक जुने पंपमिस्त्री आहेत असं कळलं, म्हणून ऑटोत मशीन घातलं, पाय बाहेर काढून त्याच्या शेजारी बसलो आणि भर उन्हात बीरगाव गाठलं. मिस्त्रींनी मशीनभोवती एक फेरी मारली. टाकीच्या झाकणावर पूजेचं गंध होतं, ते बघून आधी हात कपाळाला लावला, मग झाकण कडेकडेने धरून उघडलं, आत बघितलं, लावलं, एकदा दोरी ओढली. मशीन सुरू! तीन मिनिटं ऐकून त्यांनी ते बंद केलं आणि मला म्हणाले, "साहब, इसमें बीमारी क्या है?" डॉक्टरपुढे गेल्यावर दुखणं पळून जातं ते माणसांचं ऐकलं होतं, मशीनचंही जातं हे तिथे कळलं. मी "और दो मिनट रुकिए" म्हणेपर्यंत त्यांनी दुसरं काम घेतलं होतं. परत येऊन लावलं तर पाच मिनिटांनी बंद. मी ते तिथेच गवतात सोडलं आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. कुसुम म्हणाली, "तुम्ही काहून त्याच्या मागे लागून राहिले? जाऊ द्या ना." पण तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

आता शुक्रवार. ठरावाची मुदत. सकाळी आठला शिशिर मैदानावर ठेकेदाराच्या माणसाला घेऊन आले, टेप काढून मैदान मोजायला. मी मशीनला अखेरचा नमस्कार करून दोरी ओढली. पाच मिनिटं चाललं आणि त्या दोघांच्या पायाशी येऊन बंद पडलं. शिशिर काहीतरी बोलले. तुमच्याच सल्ल्याने मी आवाजासाठी दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालतो, त्यामुळे मला फक्त त्यांचे ओठ दिसले. म्हणून एका कानातला बोळा काढला, आणि रागारागात सवयीने टाकीचं झाकण फिरवलं. तेव्हा, शेखरराव, दोन आठवड्यांत पहिल्यांदा मी ते ऐकलं. झाकण सैल होताच टाकीने "सूंऽऽ" करून हवा आत ओढली. बराच वेळ नाक दाबून धरलेला माणूस ओढतो तशी.

मी जागच्या जागी उभा राहिलो. शिशिर "काका, काका" करत होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमच्या स्वयंपाकघरातला तेलाचा डबा होता. डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येत नाही. हवा आत जायला दुसरं भोक लागतं. हे कुसुम मला आमच्या लग्नापासून सांगत आली आहे आणि मी दर महिन्याला एकच भोक पाडत आलो आहे. मग या टाकीचं दुसरं भोक कुठे? पेट्रोल खाली उतरतंय, वरून हवा येत नाही, आतला ओढा वाढतो, पाच मिनिटांनी पेट्रोल अडतं. आपण झाकण उघडतो, हवा शिरते, मशीन पुन्हा तयार. म्हणजे आजार झाकणात, आणि प्रत्येक वेळी आपणच तो बरा करून पुन्हा लावून ठेवतो! मी झाकण उन्हात धरलं. मधोमध वाळून दगड झालेलं गंध. शिशिरच्या घरून त्यांच्या बायकोच्या पर्समधली सेफ्टी पिन मागवली, देवाची क्षमा मागितली आणि खरवडलं. खाली सुईच्या टोकाएवढं भोक, आणि त्यात पाचर मारल्यासारखा बसलेला अक्षतेच्या तांदळाचा एक तुकडा. दोन आठवडे लोकेशभाऊंनी ते मशीन रोज पुसलं होतं, पण त्या गंधाला फडकं लावलं नाही. पूजेचं गंध पुसायचं नसतं, आपोआप जाऊ द्यायचं. मीही त्याच्याभोवतीच चमकवत होतो. बीरगावच्या मिस्त्रींनी तर त्याला नमस्कार केला. घरी सांगितलं तेव्हा कुसुम एवढंच म्हणाली, काखेत कळसा नि गावाला वळसा.

मग मी दोरी ओढली. पाच मिनिटं झाली. शिशिरनी मोबाइलमध्ये घड्याळ लावलं. सहा झाली, सात झाली. दहाव्या मिनिटाला ठेकेदाराच्या माणसाने टेप गुंडाळला. पंधराव्या मिनिटाला लोकेशभाऊ "हव! हव!" (म्हणजे हो! हो!) करत मशीनच्या पुढे धावत दगड उचलू लागले. मी वळलो नाही, थांबलो नाही, कपाळावरचा घाम पुसला नाही. चेंडू सापडले, छत्री सापडली, चपलेचे तुकडे उडाले. एक तास दहा मिनिटांत अख्खं मैदान सपाट. शेवटचा पट्टा कापून मशीन मी माझ्या हाताने बंद केलं, ते स्वतःहून बंद पडलं नाही, आणि त्या शांततेत मला रडू आलं. पेट्रोलचा वास डोळ्यांत गेला असं मी सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी मेळाव्यात शिशिरनी माइकवरून ठराव मागे घेतला आणि माझा सत्कार केला. उत्तरादाखल मी "छोट्या इंजिनांची निगा" या विषयावर चार शब्द बोललो (पंचवीस मिनिटं, चिवडा थांबवून ठेवला होता). दर पंचवीस तासांच्या कामानंतर फिल्टर धुवावा, पन्नास तासांनी ऑइल बदलावं, पेट्रोल महिनोन्महिने टाकीत मुरवू नये, मशीन आडवं करताना फिल्टर वर ठेवावा, आणि काहीही उघडण्याआधी झाकण बघावं. हे तुम्हीही लिहून ठेवा, उपयोगी पडेल.

आता एकच नाजूक गोष्ट. मी कुणाचं नाव घेत नाही. पण पूजेला पाहुणे एकच होते, आणि "डोकं इथं आहे" असं म्हणून टाकीच्या झाकणावर अंगठाभर गंध थापणारा तो अंगठा कुणाचा, हे शोधायला पोलीस नकोत. ज्याने भोक बुजवलं त्यानेच दोन आठवडे फोनवरून प्लग, ऑइल आणि कार्बोरेटर सांगावा, याला काय म्हणावं? मी काही म्हणत नाही. मी मोठ्या मनाने तुम्हाला माफ केलं आहे. यापुढे घरातलं काही बिघडलं तर संकोच न करता मला कळवत जा.

ताईंना पुन्हा नमस्कार. लोभ आहेच, आता त्यात थोडा धाकही असावा.

आपला (आणि स्नेहवर्धिनीचा यंत्रप्रमुख),
विनायक

ता. क. : पत्र पाकिटात घालण्याआधी कुसुमने वाचलं आणि गंधालीला हाक मारली. गंधालीच्या मोबाइलमध्ये पूजेचा व्हिडिओ आहे. त्यात तुम्ही दोन्ही हातांनी आरतीचं ताट धरून उभे आहात. अंगठा वेगळाच आहे. "बाबा, ये तो आप ही हो," गंधाली म्हणाली. शिवाय तुम्ही त्यात "विनायकराव, झाकणावर नको, तिथं भोक..." असं म्हणताना ऐकू येता आणि त्यावर दुसरा एक मोठा आवाज "असू द्या हो, डोकं इथं आहे" असं म्हणतो. हा आवाज मी दोनदा ऐकून खात्री केली. पाच मिनिटांनी बंद पडतं हे मी तुम्हाला फोनवर एकदाही सांगितलं नव्हतं, असंही कुसुमचं म्हणणं आहे. पत्र चांगलं उतरलं आहे आणि अक्षरही साधलं आहे, त्यामुळे पुन्हा लिहीत नाही. तुम्ही वाचताना जिथे जिथे तुमचा अंगठा आहे तिथे तिथे माझा वाचावा, आणि माफीची दिशा उलटी करून घ्यावी.

ता. क. दुसरा (मंगळवार) : खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण मधे विजय आला. माझं भाषण ऐकून लोकांचा माझ्यावर फार विश्वास बसला आहे. कालपासून व्हरांड्यात एका मंडपवाल्यांचा जनरेटर, एक औषध फवारायचा पंप आणि दुसऱ्या कॉलनीचं गवताचं मशीन येऊन बसलं आहे. तिघांचीही झाकणं मी आधी बघितली. भोकं मोकळी आहेत. याच्यापुढे मला काही येत नाही. तरी जनरेटर उघडला, भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, आणि कुसुमने पंखा लावला. वर्तमानपत्र उडालं, ओळ मोडली. तुळशीचं लग्न झालं की मंडपवाल्यांना तो पहिल्या लग्नाला न्यायचा आहे आणि मी "होऊन जाईल" म्हणून बसलो आहे. तेव्हा भाऊबीज झाली की त्याच आठवड्यात या. ताईंना बहिणीची आठवण आली असं सांगा. पाने बॅगेत तळाशी ठेवा, वर संत्रा बर्फीचा डबा. दुरुस्त तुम्हीच करा, सगळं, जसं हवं तसं, मी अवाक्षर बोलणार नाही. फक्त एवढंच करा. इथे लोक बघायला जमतात. त्यांच्यासमोर मधूनमधून हात थांबवून मला विचारा, "विनायकराव, तुम्हाला काय वाटतं?" मी जरा वेळ विचार करीन आणि म्हणेन, "चालू द्या."